कुंडीत नाजूक, नदीत काळ

मार्गशीर्ष लागला की प्राधिकरणातील बंगल्यांच्या अंगणांत आणि वाकड, रावेत, मोशीकडील उंच इमारतींच्या बाल्कन्यांत एक वेगळीच लगबग दिसू लागते. अँथुरियमच्या कुंड्या दिवाणखान्यात येतात. ऑर्किडवर रात्री जुनी ओढणी पांघरली जाते. डिफेनबेकियाचे पिवळे पडलेले पान हातात घेऊन घरातील वडीलधारी मंडळी रोपवाटिकेत जाब विचारायला जातात. तेथे उत्तर ठरलेले असते : ‘‘काका, परदेशी झाड आहे, थंडीला नाजूक असतं. जपावं लागतं.’’ काका परततात आणि अधिक जपू लागतात.

थंडीला नाजूक! आपल्या मध्यमवर्गीय बागप्रेमाची सारी करुणा या दोन शब्दांनी जागी होते. वास्तविक या शब्दांनी आपला विवेक जागा व्हायला हवा, कारण त्यांचा आपल्या भूमीतील अर्थ अगदी वेगळा आहे. ज्या झाडाला केवळ थंडीच रोखू शकते, ते झाड थंडी नसलेल्या प्रदेशात आणले, तर त्याला रोखणार कोण? हा प्रश्न रोपवाटिकेतून कुंडी उचलताना आपल्यापैकी किती जण विचारतात?

आधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. अँथुरियम, फॅलेनॉप्सिस ऑर्किड, डिफेनबेकिया यांच्याशी आमचे भांडण नाही. ही उष्ण, दमट अरण्यांतील झाडे आहेत. आपले पठार समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत येथील रात्रीचे तापमान दहा-बारा अंशांपर्यंत सहज उतरते, एखाद्या लाटेत सात-आठपर्यंतही जाते. पुणे वेधशाळेने १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश सेल्सियस अशी नोंद केली होती, पण तो अपवादच. अशा थंडीत या झाडांची मुळे पाणी ओढेनाशी होतात. आपण मात्र मायेपोटी रोज पाणी घालत राहतो आणि मुळे कुजतात. घरोघरी मरणाऱ्या अशा झाडांपैकी बहुतेक थंडीने मरत नाहीत, ती पाण्याने मरतात. पाणी कमी करावे, तेही सकाळी घालावे, खत फाल्गुनापर्यंत थांबवावे, कुंडी दिवसभर ऊन खाल्लेल्या भिंतीलगत ठेवावी; एवढे पुरेसे असते. त्यातूनही झाड वाचले, तर एप्रिलमधील कोरडी हवा आणि चाळिशीकडे जाणारा पारा त्याची परीक्षा घ्यायला बसलेलाच आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणीपुरवठा सुरू केला. अशा नगरात बाल्कनीतील अ‍ॅमेझॉनच्या अरण्याला दिवसातून दोनदा फवारणी करायची की नाही, हा ज्याच्या त्याच्या सद्सद्विवेकाचा प्रश्न आहे. पण या हौसेत नुकसान होते ते हौस करणाऱ्याच्या खिशाचे. नदीला त्याची झळ पोहोचत नाही.

झळ पोहोचते ती दुसऱ्या जातीच्या नाजूक पाहुण्यांची.

पवनेच्या पुलावर फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास उभे राहून खाली पाहावे. पाणी दिसतच नाही. दिसतो तो काठापासून काठापर्यंत पसरलेला हिरवा गालिचा, त्यावर फिकट जांभळ्या फुलांचे तुरे. न जाणणाऱ्याला ते दृश्य रमणीय वाटावे. ही जलपर्णी. चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधिमंदिराशेजारून वाहणाऱ्या पवनेत ती आहे, देहू-आळंदीच्या इंद्रायणीत आहे, मुळेतही आहे. ही वनस्पती आली कोठून? ती दक्षिण अमेरिकेतील, अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातील. आणि ती वाऱ्यावर उडत किंवा गलबताच्या तळाला चिकटून आलेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये पोहोचली ती बागेतील शोभेची वनस्पती म्हणून! कोणा हौशी माणसाच्या हौदातील ते एक मोहक फूल होते.

युरोपातील बागवान या वनस्पतीला आजही थंडीला नाजूक म्हणूनच ओळखतात. शरद ऋतू संपता संपता ती हौदातून काढून काचघरात ठेवावी लागते, नाही तर पहिल्या हिमतुषारांत तिची पाने जळतात आणि कंद गोठला की ती संपते. तेथे निसर्गाने दरवर्षी न चुकता येणारा एक पहारेकरी ठेवला आहे. आपल्याकडे तो पहारेकरीच नाही. पारा दहा अंशांच्या आसपास आला की जलपर्णीची वाढ मंदावते, एवढेच. नदीचे पाणी हवेइतके गार होत नाही, गोठण्याचा तर प्रश्नच नाही. माघ सरताच ती पुन्हा अंग धरते आणि ऊन वाढेल तशी पसरते. अनुकूल हवामानात साधारण दोन आठवड्यांत ती दुप्पट होते. तिचे बी चिखलात पंधरा-वीस वर्षे जिवंत राहू शकते. इंग्लंडातील हौदात जिला माणसाने जपायचे, पवनेच्या पात्रात तिच्यापासून माणसाने स्वतःला जपायचे, असा हा विपर्यास आहे.

बंगालने याची किंमत आपल्या आधी मोजली. खाड्या, कालवे आणि भातखाचरे जलपर्णीने इतकी भरली की नावा चालेनात, पीक बुडू लागले. अखेर १९३६ साली तिच्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला आणि ती घराभोवती बाळगण्यास मनाई झाली. अमेरिकेच्या दक्षिण राज्यांतही हीच गत. तेथील काँग्रेसमध्ये १९१० साली लुइझियानाचे सदस्य रॉबर्ट ब्रुसार्ड यांनी आफ्रिकेतून पाणघोडे आणण्याचे विधेयक मांडले होते. पाणघोडे जलपर्णी खातील आणि लोक पाणघोडे खातील, असा तो दुहेरी हिशेब! विधेयक संमत झाले नाही, ही त्या नद्यांवर परमेश्वराची कृपाच म्हणायची. एका आगंतुकाला हुसकण्यासाठी दुसरा आगंतुक आणण्याची बुद्धी मात्र जगात अजून शाबूत आहे.

ही काही पर्यावरणवाद्यांची पोकळ ओरड नाही. जैवविविधतेविषयीच्या आंतरशासकीय मंचाने सप्टेंबर २०२३ मध्ये आक्रमक परकीय प्रजातींवरील अहवाल प्रसिद्ध केला. अशा प्रजातींमुळे २०१९ या एका वर्षात जगाचे ४२३ अब्ज डॉलरहून अधिक नुकसान झाल्याचा अंदाज त्यात आहे. जगात सर्वाधिक ठिकाणी पसरलेल्या आक्रमक प्रजातींमध्ये पहिला क्रमांक आहे जलपर्णीचा, दुसरा घाणेरीचा आणि तिसरा काळ्या उंदराचा. उंदीर न बोलावता आला. पहिल्या दोघींना आपण आमंत्रण दिले होते. दोघीही बागेची शोभा म्हणूनच आल्या. घाणेरी, जिला आपल्याकडे टणटणीही म्हणतात, ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी कोलकात्याच्या वनस्पतिउद्यानात आणली. आज सह्याद्रीच्या उतारांवर तिने किती चराऊ राने गिळली आहेत, हे मावळ-खेडमधील कोणत्याही गुराख्याला विचारावे. आणि त्याच घाणेरीचे बुटके, रंगीबेरंगी वाण आपल्या रोपवाटिकांत ‘लँटाना’ या भारदस्त नावाने विकत मिळतात! त्यातील काही संकरित वाण वांझ असतात, हे खरे. पण हातातील रोप वांझ आहे की बुलबुलांमार्फत टेकडीवर पोहोचणारे आहे, हे विक्रेत्याला विचारून पाहावे. बहुधा त्याला ठाऊक नसते.

युरोपीय संघाने २०१६ साली निषिद्ध परकीय प्रजातींची पहिली यादी केली, तीत जलपर्णी आहे. तिची विक्री, लागवड, बाळगणे, सारे तेथे बंद आहे. ज्या खंडाच्या बहुतांश भागात हिवाळा तिला आपोआप मारतो, तो खंड तिला दाराशी उभी करीत नाही. आणि जेथे ती बारमाही फोफावते, त्या आपल्या देशात ती गच्चीवरील हौदासाठी शोभेची म्हणून विकली जाते, मित्रमैत्रिणींत वाटली जाते. एकीकडे महापालिका दरवर्षी जलपर्णी काढण्याचा ठेका देते, यंत्रे नदीत उतरतात, काठावर ढीग लागतात, डासांनी हैराण झालेले नदीकाठचे रहिवासी प्रभाग कार्यालयावर जातात आणि शेवटी आषाढातील पूर येऊन उरलेली सारी जलपर्णी खालच्या गावांच्या माथी मारतो. पवनेचे पाणी दापोडीला मुळेत मिळते, इंद्रायणीचे तुळापूरला भीमेत. तेथून पुढे उजनी, आणि पुढे पंढरपूर. आळंदीत इंद्रायणीचे तीर्थ घेणारा वारकरी पंढरीला चंद्रभागेत उतरतो, तेव्हा आपल्या नगराचे पातक त्याच्या आधी तेथे पोहोचलेले असते.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. जलपर्णी फोफावते ती मैलापाण्यावर. नाले नदीत सोडणाऱ्या यंत्रणांना आणि प्रक्रिया न करता सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्यांना धारेवर धरण्याऐवजी तुम्ही गृहिणीच्या कुंडीमागे का लागलात? आक्षेप बिनतोड आहे, आणि त्याचा पूर्वार्ध आम्हाला शंभर टक्के मान्य आहे. नदीत नत्र आणि स्फुरद ओतले जाते म्हणूनच जलपर्णीला हे बाळसे येते. स्वच्छ वाहत्या पाण्यात ती अशी माजत नाही. मैलापाणी रोखणे हाच मूळ उपाय आहे आणि त्याची जबाबदारी महापालिकेची, औद्योगिक वसाहतींची आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची आहे. पण त्याच मैलापाण्यावर आपल्या मातीतील कुमुद किंवा कमळ असा उच्छाद का मांडत नाही? कारण आपल्या वनस्पतींना खाणारे किडे, मासे, रोग येथेच त्यांच्याबरोबर वाढले आहेत. जलपर्णीचे शत्रू तिकडे अ‍ॅमेझॉनमध्ये राहिले. तिच्यावर जगणारे भुंगे १९८० च्या दशकात भारतात आणून सोडण्यात आले, काही तलावांत त्यांचा चांगला उपयोगही झाला. पण ज्या नदीत यंत्र वर्षातून एकदा सारे उपसते आणि पूर उरलेले वाहून नेतो, तेथे भुंगेही जलपर्णीबरोबरच जातात. बी मात्र गाळात राहते. म्हणजे नाले बंद झाल्यानंतरही ही लढाई संपणार नाही. अशा वेळी नवी भर तरी घालू नये, एवढी अपेक्षा गृहिणीकडून केली, तर तो अन्याय ठरत नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच मंडळींकडून येतो, आणि तो अधिक गमतीचा आहे. ‘स्वदेशी तेवढे लावावे, विदेशी तेवढे उपटावे’ असे काही उत्साही कार्यकर्ते सांगतात. भावना उत्तम, पण मग दसऱ्याच्या तोरणातील झेंडूचे काय करायचे? तो मेक्सिकोचा. देवळाच्या आवारातील पांढरा चाफा अमेरिका खंडातील. बोगनवेल ब्राझीलची, गुलमोहर मादागास्करचा, आणि ठेच्यातील मिरचीही समुद्रापलीकडचीच. या भूमीने अनेकांना सामावून घेतले आहे आणि त्यात तिचे काही बिघडलेले नाही. झेंडूला पाणी देणे थांबवा, तो मरतो. तो टेकडी बळकावत नाही, नदी झाकत नाही. तेव्हा झाडाची कसोटी त्याचे पारपत्र पाहून लागत नाही, त्याची वर्तणूक पाहून लागते. ते आपणहून बी पसरवते का, मोडक्या फांदीवर फुटते का, पाण्यावर तरंगत जाते का, गाय-बकरी किंवा येथील अळी त्याला तोंड लावते का? सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मी हे गाव सोडून गेलो तर त्याला थांबवणारे येथे काही आहे का?

अज्ञानाने संस्कृत नाव देऊन घेतलेल्यांचे पुढे काय झाले, तेही पाहावे. ‘गिरिपुष्प’ हे नाव ऐकून एखाद्या आश्रमातील वृक्ष डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात तो मध्य अमेरिकेतील ग्लिरिसिडिया, ज्याने पुण्याच्या टेकड्या व्यापल्या. सुबाभूळही तिकडचीच. उरुळी कांचनच्या मणिभाई देसाईंनी आणि त्यांच्या बाएफ संस्थेने तिचा प्रसार केला तो गरीब गोपालकाला बारमाही चारा मिळावा या निर्मळ हेतूने, आणि चारा मिळालाही. पण शेतकऱ्याच्या बांधावर कापली जाणारी सुबाभूळ निराळी, आणि कोणी न कापता ओढ्याकाठी शेंगा उधळणारी निराळी. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमांत ही दोन्ही रोपे ‘लवकर हिरवे दिसते’ म्हणून वर्षानुवर्षे लावली गेली. आपल्या स्वयंसेवी उपक्रमांनाही त्यातून सुटका नाही. जगातील शंभर अत्यंत उपद्रवी परकीय प्रजातींची एक प्रसिद्ध यादी आहे. जलपर्णी, घाणेरी आणि सुबाभूळ या तिघीही तीत आहेत.

चौथी तेथे आहे ती आपल्या गृहसंकुलाच्या प्रवेशद्वाराशीच. वेडेलिया! पिवळ्या, इवल्या सूर्यफुलांची ही सरपटणारी वेल बागकाम ठेकेदारांची लाडकी, कारण मातीवर फेकली तरी महिन्याभरात हिरवी चादर अंथरते. मध्य अमेरिकेतील ही वनस्पती प्रत्येक पेऱ्यावर मुळे सोडते. संकुलात ती छाटली जाते, छाटणी ट्रॅक्टरमध्ये भरली जाते आणि पुष्कळदा नाल्याच्या काठावर किंवा नदीच्या पूररेषेत ओतली जाते. तेथे प्रत्येक तुकडा नवे झाड होतो. ज्या काठांवर पावसाळ्यात तेरडा, कुर्डू, कवळा उगवायचा, तेथे एकाच पानाची एकच चादर. हिमतुषार पडणाऱ्या देशात हीही थंडीला नाजूकच गणली जाते. असल्या ‘सुशोभीकरणा’चा अनुभव घेऊन गुजरात सरकारने २०२३ मध्ये कोनोकार्पसच्या लागवडीवर बंदी घातली, तीही शहरे त्याने भरून गेल्यानंतर.

चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्या वाचकांना एक गोष्ट ठाऊक असेल. जर्मनी, कोरिया किंवा जपानमधून सुटे भाग घेऊन येणाऱ्या लाकडी पेटीवर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह असलेला एक शिक्का असतो. त्या पेटीचे लाकूड गाभ्यापर्यंत किमान ५६ अंश तापमानाला सलग तीस मिनिटे तापवले आहे, किंवा धुरी देऊन निर्जंतुक केले आहे, याची ती ग्वाही. लाकडात लपून एखादा भुंगा देशात येऊ नये, म्हणून जगाने ही व्यवस्था मान्य केली आहे. शिक्का नसेल तर माल बंदरात अडकतो आणि व्यवस्थापकांची झोप उडते. मेलेल्या लाकडाविषयी एवढी दक्षता! आणि त्याच व्यवस्थापकांचे चिरंजीव सुटीला कॅलिफोर्नियाहून येतात, तेव्हा त्यांच्या बॅगेत मोज्यात गुंडाळलेली जिवंत कलमे आणि बियांची पाकिटे असतात. आईला बागेची आवड आहे ना! जिवंत रोप किंवा बी देशात आणायचे, तर आयात परवाना आणि निर्यातदार देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, असा २००३ चा वनस्पती संगरोध आदेश सांगतो. तो घरगुती हौसेलाही लागू आहे, याची जाणीव किती सुशिक्षित कुटुंबांना आहे? २०२० च्या ऑगस्टमध्ये न मागवता टपालाने येणाऱ्या बियांच्या पाकिटांविषयी केंद्रीय कृषी मंत्रालयाने राज्यांना सावध केले, तेव्हा चार दिवस चर्चा झाली. नंतर सारे शांत.

गाजरगवताची हकीकत तर पुण्याचीच. १९५५ साली ते येथे आढळले, पुढच्या वर्षी आर. एस. राव यांनी त्याची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध केली. ‘पीएल ४८०’च्या गव्हातून ते आले, असे आपण सगळेच सांगत आलो, पण त्या योजनेतील भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ मधला, म्हणजे गवत आधी आणि करार नंतर! अमेरिकेचा गहू त्यापूर्वी १९५१ मध्येही आला होता, तेव्हा धान्याबरोबर येण्याची शक्यता उरतेच. कसेही आले असो, जेथे ते प्रथम दिसले तेथे वेळीच उपटले गेले नाही. आज ते देशभर आहे आणि त्याने होणाऱ्या त्वचारोगावर आणि दम्यावर आपण औषधे घेत आहोत.

तेव्हा महापालिकेकडे मागणी साधी आहे. तिच्या हद्दीत जलपर्णीची विक्री बंद व्हावी. स्वतःच्या उद्यान विभागाने दुभाजकांवर आणि उद्यानांत काय लावायचे आणि काय मुळीच लावायचे नाही, याची यादी मराठीत प्रसिद्ध करावी आणि बांधकाम परवानगी देताना संकुलांच्या बागांनाही ती लागू करावी. गृहसंकुलांना मात्र महापालिकेची वाट पाहण्याचे कारण नाही. वार्षिक सभेत वाहनतळावर दोन तास भांडण्याची शक्ती आपल्यात आहेच. त्यातील दहा मिनिटे बागेच्या ठेक्याला द्यावीत. वेडेलियाच्या जागी काय, असे ठेकेदार विचारील. त्याला कुंद, जुई, मोगरा सांगावे. जागा मोठी असेल तर तामण, बहावा, बकुळ, सोनचाफा. तामण तर आपल्या राज्याचे फूल, आणि आपल्या पठारावरील थंडी किंवा वैशाख यांपैकी कशाचीही तक्रार न करणारे.

आणि ज्यांच्या गच्चीवरील हौदात ती जांभळ्या फुलांची सुंदरी या क्षणी डोलत आहे, त्यांनी ती नाल्यात, मोरीत किंवा नदीत मुळीच टाकू नये. ती फुलावर येण्याआधीच मुळांसकट बाहेर काढावी, गच्चीच्या तापलेल्या फरशीवर पसरावी, पाने कुरकुरीत होऊन मुळे पूर्ण सुकेपर्यंत आठ-पंधरा दिवस उलटीपालटी करावी आणि मगच खताच्या खड्ड्यात टाकावी. हौदाच्या तळाचा गाळही त्याच उन्हात वाळवून कुंड्यांत वापरावा, कारण बी त्या गाळातच असते.